जावयाची पहिली चाल

कोडोलीच्या केरबा पाटलांची अटच होती, बुद्धिबळात मला हरवील त्यालाच पोरगी देईन. आधीची सगळी स्थळं मात खाऊन परतली होती. आता पाळी धैर्यशीलची. वर्षाराणीवर त्याचा जीव जडलेला, म्हणून डावाच्या सुरुवातीच्या चालींचं जाडजूड पुस्तक त्यानं असं घोटलं, की झोपेत तो "उंट बाहेर काढ" म्हणून बरळायचा आणि आई दचकून गोठ्यात बघून यायची.

पट मांडला. पांढरी मोहरी त्याच्याकडं आली. त्यानं पुस्तकातली पहिली चाल केली, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं.

केरबांनी ते उचलून एक घर मागं ठेवलं. "पावणं, आमच्यात प्यादं पहिल्या चालीलाबी एकच घर जातंय. देशी डाव हाय ह्यो."

धैर्यशीलच्या डोक्यातली सगळी पानं कोरी झाली.

"ह्ये दोन घरांचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"पुस्तकानं."

"आन् पुस्तक कुणी दिलं?"

त्यानं दाराकडं बघितलं. चहाचा ट्रे घेऊन वर्षाराणी मान खाली घालून उभी होती.

"तिनं?" केरबा म्हणाले. "अवो, रोज सांजंला ती माझ्यासंगं ह्योच डाव खेळती की."