नखाची खूण

तळेगावच्या खताच्या कारखान्यात मुमताज परातीसारख्या फिरत्या पॅनवर काम करते. पावडरीवर पाणी फवारलं की पॅनमध्ये वाटाण्याएवढ्या गोल गोळ्या तयार होतात.

मागच्या पावसाळ्यात तिची लहानगी लेक शिफा तापाने गेली. मुमताज कामावर परतली, त्या दिवशी प्रत्येक गोळीवर चिमुकल्या नखाची खूण उमटली. कणकेच्या गोळ्यांना शिफा अशीच नखं लावायची.

"माल फसला. दळून परत लाव," सुपरवायझर सवितामॅडम म्हणाल्या.

मुमताजने डोळे पुसत सगळ्या गोळ्या दळल्या. नव्या गोळ्यांवरही खूण आली. पॅन बदलला, पावडर बदलली, तरी तिच्या कामाच्या पाळीत खूण अधूनमधून येतच राहिली.

आज वर्षभराने मॅडमनी एक गोळी तळहातावर घेतली. "खूण मोठी झालीय का गं?"

"होणारच की, मॅडम," मुमताज म्हणाली. "वाढतं वय आहे तिचं."