पडद्यावरचा सूर

मारवा संपला आणि शशिकलाबाई विंगेतल्या खुर्चीवर टेकल्या. गेला तासभर त्या सुचेल तसं गात होत्या आणि मागच्या मोठ्या पडद्यावर संगणक त्या सुरांच्या रेषा लगोलग काढत होता. "बाई, आवाज अगदी पूर्वीसारखाच आहे," आयोजक म्हणाले. त्या नुसत्या हसल्या.

पहिल्या रांगेतून उठून अच्युतराव काठी टेकत आले. जन्मभर बायकोला पेटीची साथ केलेल्या या माणसाला आता काहीच ऐकू येत नव्हतं. तरी ते प्रत्येक मैफलीला येऊन बसत.

आज मात्र शेजारी बसत ते म्हणाले, "वरच्या षड्जाला रेष थरथरली. दम लागला ना तुला?"

भेटायला लोक थांबले होते. बाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.