मागची बाजू

"जन्मतारीख?" झेनाइदाने सवयीने विचारलं आणि मान वर केली.

काउंटरपलीकडे प्रोफेसर हॅलोरन उभे होते. आज सकाळीच त्यांनी तिला शून्य दिलं होतं.

"एकोणीस ऑक्टोबर," ते म्हणाले. "एकोणीसशे..." आणि थांबले. तिच्याकडे बघून ओशाळं हसले. औषधांच्या दुकानातल्या कुठल्याही बाईकडे बघून हसावं तसं. अकरा वाजता हीच बाई अर्धा तास त्यांच्या खोलीत उभी होती, त्यांच्याबरोबर खण उपसत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "पेपर आलाच नाही तुझा. दिलाच नसशील," असं त्यांनी तिला शेवटी सांगितलं होतं, तेही अगदी मायेने.

तेव्हापासून झेनाइदाचं डोकं भणभणत होतं. पेपर तिने त्यांच्या हातात दिला होता. की नव्हता दिला? जेवणाच्या सुट्टीत तिने गाडीच्या सीटखालीसुद्धा हात घालून पाहिलं. वय एकतीस, पदवी पत्रकारितेची, आणि फार्मसीच्या कॉलेजला त्या पदवीचं काडीचं कौतुक नाही. आधी शास्त्राचे सात विषय पास व्हा, मग अर्ज करा. सहा झाले होते. सातवा हॅलोरनांचा, सेंद्रिय रसायनाचा. मार्क चढवायची मुदत उद्या दुपारी बाराला संपत होती. ती चुकली तर अर्ज पुढच्या वर्षी.

तिने फळीवरून त्यांची पिशवी काढली. वरची चिठ्ठी वाचली आणि पुन्हा वाचली. माणसाची आठवण पुसट व्हायला लागली की डॉक्टर देतात, ती गोळी. रोज रात्री एक.

म्हणजे दिला होता पेपर! तिला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"एक मिनिट हं," हॅलोरन म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले, उलगडून काउंटरवर ठेवले आणि बोट फिरवत वाचलं, "त्रेपन्न. एकोणीसशे त्रेपन्न."

कोपऱ्यात टाचलेली चार पानं होती. शेवटच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या अक्षरात यादी होती. जन्मतारीख. घराचा पत्ता. बस बावीस नंबर. मॉरीनला फोन. या ओळीवर काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'मॉरीन गेली. मार्चमध्ये.'

कागद पातळ होता. पलीकडच्या बाजूची निळी शाई उमटून दिसत होती. स्वतःचं अक्षर झेनाइदाने उलटंसुद्धा ओळखलं.

तिचा हात खिशातल्या फोनवर गेला. एक फोटो, बस. विभागप्रमुख पाचपर्यंत खोलीत असतात. पण कागद कुठे सापडला म्हणून विचारलं तर? औषधांच्या काउंटरवर. मग ते कुठलं औषध घ्यायला आले होते? गिऱ्हाइकाच्या कागदाचा फोटो काढायचा नाही, काउंटरवरचं काउंटरवरच राहायचं, हे मालकीणबाई दुत्रा हिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि शिकायचं होतं ते हेच काम. हात फोनवर तसाच राहिला.

"इथे औषधं मिळतायत की परीक्षा चाललीय?" रांगेत मागे उभ्या असलेल्या लुर्देसमावशीने आवाज चढवला. "माझे गुडघे बोलायला लागलेत!"

"सर," झेनाइदा म्हणाली, "हे कागद जरा पालटून बघता का?"

त्यांनी पालटले. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

"माझा. मी झेनाइदा तावारेस."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि काय झालं कोण जाणे, ते एकदम ताठ उभे राहिले. काउंटरवरचं पेन उचललं, साखळीसकट. पहिलं पान, दुसरं पान, भराभर. आता त्यांना काहीही आठवावं लागत नव्हतं.

"हा बाण उलटा काढलास. किती वेळा सांगितलं वर्गात!" त्यांनी दोन मार्क कापले. चौथ्या पानाखाली लिहिलं, शहाऐंशी. खाली सही. "चांगला लिहिलायस. वेळेवर का नाही दिलास?"

झेनाइदाने तो प्रश्न सोडून दिला.

"उद्या बाराच्या आत मार्क चढवायला लागतील, सर."

"चढवतो की." त्यांनी कागद उलटे करून यादीच्या तळाशी लिहिलं, 'झेनाइदाचे मार्क. उद्या सकाळी.' मग घडी घालायला घेतली.

"सर, पेपर माझ्याकडे राहू दे?"

ते दचकले. कागद छातीशी धरून म्हणाले, "मग माझं काय?"

तिने औषधाची पिशवी त्यांच्याकडे सरकवली. "रात्री एक गोळी, सर. झोपताना," दुत्राने आतून येऊन सांगितलं, आणि त्यांनी तेही यादीत लिहून घेतलं. पिशवी घेतली. "तुम्ही फार नीट बोलता हो लोकांशी," ते झेनाइदाला म्हणाले आणि दाराकडे गेले.

"जन्मतारीख?" तिने लुर्देसमावशीला विचारलं.

"तुला पाठ आहे गं माझी!"

"तरी सांग."

मावशी सांगत होती. झेनाइदा काचेतून बाहेर बघत होती. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर हॅलोरनांनी खिशातून कागद काढले आणि वाचायला लागले. कुठली बाजू, ते आतून दिसत नव्हतं.