अलीकडच्या गोळ्या, पलीकडच्या लेकी

"फरक नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद प्रमिलाबाईंपुढे सरकवला. "नऊ महिने तुम्ही या गावात रक्तवाढीच्या गोळ्या वाटल्यात. नदीपलीकडच्या गावात एकही दिली नाही. आणि रक्त दोन्हीकडच्या बायकांचं सारखंच वाढलंय. म्हणजे हा गोळ्यांचा गुण नव्हे. यंदा भाजीपाला बरा झाला असेल, एवढंच. वाटप पुढच्या महिन्यापासून बंद."

"आणि पलीकडे? तिथे सुरू करणार होता ना?"

"गुणच नाही, तर तिथे कशाला?"

प्रमिलाबाई अंगणवाडीच्या ओट्यावरून उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांची लेक कमल पलीकडच्या गावात दिली होती. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, आणि चार पावलं चालली की पोरगी भिंत धरायची. रक्त वाढलं म्हणे! कागदावर वाढलं असेल. कमलच्या नखांत त्यांना थेंबभर दिसत नव्हतं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली होती. तेव्हा तिसरा महिना लागला होता. दोन झोके घेऊन ती लिंबाच्या बुंध्याशी बसली आणि घरातल्या गोळ्यांच्या डब्याकडे बघत म्हणाली, "माय, माले बी दे ना चार." प्रमिलाबाईंनी डबा फळीवर ठेवला. नदीपलीकडे एकही गोळी जाता कामा नये, हा डॉक्टरांचा पहिला नियम होता. तुलना बिघडली तर सगळंच मुसळ केरात, आणि तुलना जमली तर पलीकडच्या सगळ्या बायकांना गोळ्या. कमललाही. प्रमिलाबाईंनी याच भरवशावर दिवस काढले होते आणि आता डॉक्टर कागदांची घडी घालत होते.

त्यांना राहवेना. गोळ्यांचा डबा ओट्यावरच ठेवून त्या तडक गोळ्या घेणाऱ्या भागाबाईच्या दारात गेल्या. भागाबाई अंगणात दादर ज्वारी पाखडत होती.

"अक्का, खरं सांग, रक्तवाढीन्या गोया खास ना तू?"

"अर्ध्या," भागाबाई सूप न थांबवता म्हणाली.

"नि अर्ध्या?"

"आखाजीले पोर उनी. तिले काय रिकामी धाडू? पदरमा बांधी दिध्यात. तवयपाईन दर बाजारले धाडस." प्रमिलाबाईंचा चेहरा बघून तिने सूप खाली ठेवलं. "मी एकलीच नई, बाई. गावन्या बठ्ठ्या, समद्या बाया धाडतस."

प्रमिलाबाई उंबऱ्यावर टेकल्या. त्यांना हसावं की कपाळ बडवावं तेच समजेना. डॉक्टरांच्या माणसांनी पंधरा दिवस जीप फिरवून दोन सारखी गावं शोधली होती. सारखी जमीन, सारखं पीक, सारखी जात. एवढं सारखं असल्यावर सोयरीक होणारच, हे शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. अलीकडच्या निम्म्या पोरी पलीकडे नांदत होत्या. निम्म्या गोळ्याही तिकडेच नांदायला गेल्या होत्या.

म्हणजे गुण होता! गोळ्यांचाच गुण होता! हे डॉक्टरांना सांगितलं की वाटप बंद होणार नव्हतं. प्रमिलाबाई उठल्याच.

"पन तथल्या बठ्ठ्या सुना काय आपल्या गावन्या नईत," त्या जाता जाता म्हणाल्या. "बाकीन्यास्नं काय?"

"त्यास्ले जावा देतस. एक घरमा राहीसन एकलीनी खावानी का?" भागाबाई हसली. "फक्त तुनी कमलले कोनी इचारत नई. तिले काय कमी? तिनी मायना घर ते डबाच शे."

प्रमिलाबाई अंगणाबाहेर पडल्या. चप्पल भागाबाईच्या दारातच राहिली. भर दुपारी त्या रस्त्याने पळत सुटल्या. पन्नाशीला आलेली बाई अनवाणी पळते म्हणून पारावरची माणसं उठून बघायला लागली. बघोत.

ओट्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. तशाच धापेत त्यांनी सगळं सांगितलं. बायका अर्ध्या गोळ्या खातात. अर्ध्या लेकींना धाडतात. जावा जावांना देतात.

डॉक्टर रागावलेच नाहीत. त्यांनी भराभर घडी उलगडली, पलीकडच्या गावाची यादी काढली आणि बोट एकेका नावावरून खाली नेऊ लागले. आतापर्यंत त्यांनी फक्त गावाची सरासरी पाहिली होती. नावं आज पहिल्यांदाच वाचत होते.

"वाढलं. वाढलं. हिचंही वाढलं," ते पुटपुटत होते. प्रमिलाबाईंनी डबा उचलला, झाकण घट्ट केलं आणि काखेत मारला.

"हे सापडलं! सगळ्या गावात एकटीचं रक्त उतरलंय. हिला मात्र एकही गोळी पोचलेली नाही. प्रमिलाबाई, हाच आपला पुरावा! कमल भाईदास. ओळखता का?"

प्रमिलाबाई ओटा उतरून नदीच्या वाटेला लागल्या होत्या. जावयाचं, भाईदासचं घर पलीकडच्या काठावर तिसरं. पाणी गुडघाभर होतं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मागून डॉक्टरांचा खुशीतला आवाज आला.

"हिच्या आईनं नियम पाळला बघा! अशा आणखी चार आया मिळाल्या असत्या, तर आपला प्रयोग फसलाच नसता."