नायब सुभेदारांची परसातली खोली

घोंगडं उचललं तर खाली कागद निघाला. क्रांतीनं तो तसाच बाजूला ठेवला. नवऱ्याच्या ट्रंकेतल्या वस्तू एकेक करून फळीवर लावायच्या होत्या आणि आज तिला कशाचीच घाई नव्हती. सव्वीस वर्षं पलटणीत काढून नायब सुभेदार वीरधवल कायमचे घरी आले होते. सकाळी फाट्यापासून हलग्या वाजवत गावानं त्यांची मिरवणूक आणली. पुढच्या अंगणात अजून चहा फिरत होता. क्रांती मात्र ट्रंक ओढत थेट परसातल्या नव्या खोलीत आली होती.

ही खोली म्हणजे तिचा जीव की प्राण. खोली एकच, पण बाईनं तिच्यात अख्खा संसार बसवला होता. नवरा फोनवरून मापं सांगायचा आणि ही पेरूच्या झाडापलीकडं चुन्याची फक्की मारून रेघा आखायची. पूर्वेला मोठी खिडकी, कारण सकाळी त्यांचा व्यायाम. त्याच खिडकीशी दुपारी तिचं शिलाई मशीन. पलंग असा, की भिंतीला उभा लावला की सासूबाईंच्या कुरडया वाळवायला फरशी मोकळी. नागपंचमीला पाव्हणे आले की तोच खाली पाडायचा. बाहेर त्यांच्या दोस्तांना बसायला कट्टा. शिराळ्याचा अजमल मिस्त्री शेवटी वैतागला. "वैनी, खोली बांधायची का गाव वसवायचं?" म्हणाला. तरी हिनं कट्टा दोनदा पाडून घेतला. नवऱ्याचा गुडघा दुखतो, उठता-बसता कळ यायला नको.

वेड लागल्यागत वागत होती, खरंय. पण लग्नाला बावीस वर्षं झाली आणि सगळ्या रजा एकापुढं एक ठेवल्या तर नवऱ्याचा सहवास चार वर्षांच्या वर भरत नव्हता. सासऱ्यांचं आजारपण तिनं काढलं, लेकीचं लग्न तिनं ठरवलं. नवऱ्यावाचून जेवायला बसायचा तिला मनापासून कंटाळा आला होता. "पेन्शनीत आलो की गाव सोडून हलत न्हाई," असा शब्द त्यांनी दिला होता. त्या शब्दावरच तर तिनं दिवस काढले.

फळी भरून झाली तशी तिनं कागद उचलला. सरकारी असेल, जपून ठेवावा. इंग्रजी होता. बारावीपर्यंत शिकलेली बाई, एकेका ओळीवर बोट ठेवत तिनं वाचला. सुरतेचा कुठला तरी कारखाना. सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक, पाच वर्षांसाठी. राहायची सोय कारखान्यातच, फक्त एकट्याची. पंधरा जूनला हजर व्हायचं. खाली 'मान्य आहे' म्हणून वीरधवल यांची सही होती.

पंधरा जूनला उणेपुरे तेरा दिवस उरले होते. क्रांतीनं ते बोटांवर पुन्हा मोजले. ती मशीनच्या स्टुलावर बसली.

तेवढ्यात वीरधवल दारात आले. कपाळाला गुलाल, गळ्यात अजून हार. "झाली का लावालाव?" म्हणत हसतच आले आणि तिच्या हातातला कागद बघून जागीच थांबले.

"आता सांगणारच हुतो गं तुला," ते म्हणाले. "ऐनवेळी आलं बघ हे. परवा निघताना साहेबांनी हातात ठेवलं. त्यांचा शब्द कसा मोडायचा?"

क्रांतीला क्षणभर बरं वाटलं. साहेबाचा शब्द तो, माणूस तरी काय करणार? तिनं कागद घडी घालायला घेतला आणि सहीखालच्या तारखेवर तिची नजर गेली. चार मार्च.

सात मार्चला त्यांचा फोन आला होता. परसात एक खोली काढू, कशी पायजे ते तूच ठरव, असं ते आपणहून म्हणाले होते. तारीख विसरणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी महिला दिनाच्या कार्यक्रमात तिनं बचत गटातल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले होते. आमचे हे आता घरीच राहणार, म्हणून सांगितलं होतं.

तिनं तारखेवर बोट ठेवून कागद त्यांच्यापुढं धरला.

वीरधवल यांनी मान खाली घातली. गळ्यातला हार काढला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "गावात माझं मन रमायचं न्हाई, क्रांती. सवयच न्हाई ऱ्हायली. तुला सांगितलं असतं तर तू रडून आकांत केला असतास. म्हनलं, खोलीच्या नादात तुझे तीन म्हैने तरी बरे जातील."

म्हणजे तिला खेळणं दिलं होतं. रडत्या पोराला खुळखुळा द्यावा आणि आईनं मागल्या दारानं निघून जावं, तशी तिची बोळवण केली होती. केसानं गळा कापला, तोही हसत हसत, रोज संध्याकाळी फोनवर मापं सांगून. तिला इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

ती उठली. फळीवरचे कपडे तिनं एकेक उतरवले, होते त्याच घडीनं ट्रंकेत भरले. वर घोंगडं ठेवलं आणि झाकण लावलं.

"इचारलं असतंसा तर जावाच म्हनले असते मी," ती म्हणाली. "बावीस वर्सं दुसरं काय म्हनत आले? पर ह्या खेपंला इचारलंच न्हाईसा. तवा आता खुशाल जावा. फकस्त परत येताना इचारून या."