भीड

"एकदा चार्ज केलं की साठ कप," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे चाळीस," ताई म्हणाली.

टेबलावर तीन छोटी एस्प्रेसो मशिनं मांडलेली होती. एक बॅटरीवरचं, एक गॅसवरचं आणि एक हाताने दांडा दाबायचं. ताईने तिन्ही उचलून पाहिली, उलटी करून बुडं तपासली, पाण्याच्या टाकीत बोट फिरवून बोटाचा वास घेतला. भाजी घेतानासुद्धा तळाची वर काढायला लावणारी बाई ती. इथे तर पोटापाण्याचा प्रश्न होता. दोघं बहीणभाऊ गाडीतून कॉफी घेऊन लोकांच्या कार्यक्रमांना जायची. भाऊ बिया भाजायचा, ही कॉफी काढायची. हल्ली गिऱ्हाईकं अर्धा कप पिऊन बाजूला ठेवून देत होती. उरलेल्या एकुलत्या एक मोठ्या कंपनीने तर तोंडावर सांगितलं होतं, की पुढच्या बैठकीलाही कॉफी अशीच कडू निघाली तर पुन्हा बोलावणार नाही.

"आपलं मशीनच म्हातारं झालंय," असं धाकटा पहिल्यापासून म्हणत होता. त्यानेच तिला इथे ओढून आणलं होतं.

"साहेबांनी परवाच पसंत केलंय हे," दुकानदार बॅटरीच्या मशीनवर हात ठेवत म्हणाला. "तुम्हाला दाखवायचं तेवढं राहिलं होतं."

ताईने मान वळवून भावाकडे पाहिलं. परवा तो टायरमध्ये हवा भरून येतो म्हणून गेला होता.

"जाता जाता डोकावलो होतो," धाकटा पुटपुटला, आणि गाडीतल्या फळीचं माप घ्यायला बाहेर पडला.

ताईच्या मनात पाल चुकचुकली. दुकानदार एवढा खुलून बोलतोय, भाऊ नजर चुकवतोय. दोघांचं आतून काही शिजत तर नाही? सख्ख्या भावाबद्दल असलं मनात आलं याची तिला लाज वाटली, पण आलं ते आलं.

तिने पिशवीतून घरच्या बिया काढल्या. "या घाला."

"आमच्याकडे ताज्या आहेत की, ताई."

"म्हणूनच. तुमच्या बियांवर कुठलंही मशीन हुशार दिसेल."

दुकानदाराने मुकाट्याने बिया दळल्या आणि बटण दाबलं. ताईने घोट घेतला. तोच जळका कडूपणा, जिभेवर कोळसा घासल्यासारखा. म्हणजे हेही भंगारात घालायच्या लायकीचं! आता याला चांगला फैलावर घ्यायचा म्हणून तिने तोंड उघडलं, तोवर दुकानदाराने त्याच मशीनवर स्वतःच्या बियांची कॉफी काढून पुढे केली. ताईने ती प्यायली आणि उघडलेलं तोंड मिटलं. कॉफी मऊ होती, गोडसर होती. मशीन बिचारं निर्दोष होतं. घरच्या बियाच करपलेल्या होत्या.

धाकटा माप घेऊन परतला. ताईने काही न सांगता घरच्या बियांचा कप त्याच्या हातात दिला. आता हा काय म्हणतो, ते तिला बघायचं होतं.

"वा!" तो म्हणाला. "बघितलंस? याला म्हणतात मशीन."

म्हणजे कमिशन ठरलंय तर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिने दुकानदाराला चोथा न बदलता पुन्हा पाणी सोडायला लावलं. कपात नुसतं गढूळ पाणी उतरलं. त्यावर झाकण लावून, तोंडभर हसून तिने तो कप भावापुढे धरला.

"हा घे. हा खास आहे."

या वेळी ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. धाकट्याने घोट घेतला, गिळला, आणि बोलण्याआधी हळूच वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती.

"सुंदर," तो म्हणाला.

ताईचं हसू तिथल्या तिथे थिजलं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. याला ठाऊकच नव्हतं. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर गाडीपाशी नेलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"चव."

धाकटा मापाची फीत ओढत राहिला, सोडत राहिला. "आजारातून उठल्यापासून. चव नाही, वास नाही. गरम-गार तेवढं कळतं. परवा एकटाच येऊन मशीन ठरवलं तेही त्यासाठीच, तुझ्यासमोर चाखायला लागू नये."

"आणि मला बोलला नाहीस?"

"मग भाजू दिलं असतंस?"

"अरे, पण भाजतोस कशाच्या भरवशावर?"

"रंगावर. आणि पहिला कप तुला देतो ना."

रोज सकाळी भट्टी उतरली की तो पहिला कप आणून द्यायचा आणि समोर उभा राहायचा. जिवावरच्या दुखण्यातून उठलेला, गालफडं बसलेला भाऊ. त्याला नावं ठेवायला तिची जीभ उचलत नव्हती. कडू लागली तर मशीनमुळे लागली असेल, अशी मनाची समजूत घालून ती "मस्त" म्हणायची आणि मोकळी व्हायची.

दुकानदार दारात आला. "मग, कुठलं बांधू?"

ताईने हातानेच दुकानदाराला थांबवलं.

"तू तोंड वाकडं केलंस की समजायचं, घाणा करपला," धाकटा खाली बघत म्हणाला. "तू कुणाची भीड ठेवत नाहीस ना, ताई. म्हटलं, माझीही ठेवणार नाहीस."