सरासरीची मासळी

"चौदा नोव्हेंबरला आपल्याकडं पावणेचार टोपल्या मासळी कुठून आली गं?"

सुलूने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. बोटाला बोंबलाचा वास होता, पण आज लेक खुशीत होती, तिने हात झटकला नाही. वैष्णवीचा एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा प्रकल्प पुरा झाला होता. आज दुपारी पालघरला जाऊन सरांची सही घेतली की सुटली. विषय घरचाच होता: खाडीत लाल पाणी सुटलं की मासळी कमी होते का? रोजच्या मासळीचे आकडे सुलूनेच तीन वर्षं कॅलेंडरवर लिहिलेले. मॉडेलचं उत्तर आलं होतं की लाल पाण्याने फरक पडतो, असं काही दिसत नाही.

"त्या दिवशी तुझं लिहायचं राहिलं होतं," वैष्णवी म्हणाली. अशा तेवीस चौकटी कोऱ्या होत्या. सर म्हणाले, गाळलेल्या जागी सरासरी भर. तिने भरली.

सुलूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "राहिलं नव्हतं. त्या दिवशी लाल पाणी होतं. तुझा बाबा होडी घेऊन गेला नि रिकामा आला."

"मग शून्य का नाही लिहिलंस?"

सासूची शिकवण होती. होडी बिघडली तर तसं लिहावं, घरात लग्न असेल तर लग्न लिहावं. रिकाम्या हाताने आलेला माणूस मात्र लिहून ठेवू नये, तो जेवून झोपला की तो दिवस संपला. सुलूने आजवर हे कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. कोळ्याच्या घरात ते सांगावं लागत नाही.

वैष्णवीला ते आत्ता आठवलं, आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने तिथल्या तिथे सरांना फोन लावला. सर वैतागले. म्हणाले, सहीच्या दिवशी आकडे बदलायचे नसतात. कोऱ्या जागी स्वतःच्या मनाने शून्य भरलंस तर परीक्षक म्हणतील, हवं तसं उत्तर काढलंस. आहे तसं आण, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

सुलूने तिच्या हातातून फोन घेतला.

"सर, मी तिची आई."

"ताई, काळजी करू नका. मुलगी पास होईल."

"ती होईल वो. तेवीस दिवस आमी पेजेवर काढले. तुमी त्यातल्या दर दिवशी आमच्या घरात पावणेचार टोपल्या मासळी आणून टाकलीत. ती आमी कधी खाल्ली, तेवढं सांगा."

सर म्हणाले की शास्त्रात तसं नसतं.

"शास्त्रात नसंल. ताटात असतं."

तिने फोन बंद करून चटईवर ठेवला. वैष्णवीचे डोळे भरले होते, पण हात चालू होता. पावणेचार पुसून तिने शून्य घातलं.

"सही नाय मिळायची," सुलू म्हणाली.

"माहीत आहे. पुढची तारीख सांग."

सुलू सांगत गेली. बावीस तारखांत ती एकदाही अडखळली नाही.